भुतांना काय हवे असते?

मराठी कुटुंबे नर्मदा ओलांडून उत्तरेस आली, तेव्हा त्यांनी बरोबर काय काय आणले याच्या याद्या आजवर पुष्कळांनी केल्या आहेत. देव्हाऱ्यातील टाक, पुरण वाटण्याचा पाटा, गोडा मसाला, गणपतीच्या आरत्या आणि आपापसांत भांडण्याची हौस. या याद्यांत एक नोंद मात्र सहसा राहून जाते, ती भुतांची. मुंजा, हडळ, खवीस, समंध, वेताळ ही सारी मंडळी आमच्या पूर्वजांच्या मागोमाग ग्वाल्हेर, इंदूर, धार, देवास येथे आली आणि स्थायिक झाली. पुढे १९५६ साली भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. कचेऱ्यांबरोबर कारकून व अधिकारी इकडे आले, तशी भुतेही बदलीवर आली म्हणावयाची! सरकारी क्वार्टरला माडी नव्हती, परसात आड नव्हता, काळोखी बोळ नव्हता. तरी दिवेलागणीनंतर पिंपळाखालून जायचे नाही, हा घरचा नियम क्वार्टरमध्येही तसाच चालू राहिला.

या मंडळींची आठवण काढण्याचे निमित्त आमच्या धाकट्या बहिणीच्या नातीने दिले. ती सतरा वर्षांची आहे. तिची ही भोपाळात जन्मलेली तिसरी पिढी. कुमारवयीन मुलांसाठी लिहिलेल्या इंग्रजी कादंबऱ्या ती झपाट्याने वाचते आणि आता स्वतः एक लिहू पाहते. त्या कादंबरीत भुते हवीत आणि तिचा नायक दुसऱ्या मुलावर प्रेम करणारा हवा. असे मुलगे, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुली, जन्मतः ठरवलेले लिंग आपले न मानणारी मुले, या सर्वांसाठी तिची पिढी ‘क्वियर’ हा एकच शब्द वापरते. ‘‘आजोबा, तुम्हाला एवढी भुतं माहीत आहेत. मला एखादी नवी कल्पना द्या ना,’’ ती म्हणाली, आणि लगेच अट घातली, ‘‘पण शेवटी कुणी मरायचं नाही.’’ कारण विचारता कळले, की ज्या वर्गमित्रासाठी ती हे लिहिणार आहे, तो आपल्यासारखी माणसे पुस्तकांच्या शेवटच्या प्रकरणात मरताना वाचून कंटाळला आहे. ‘कंटाळला’ हा शब्द तिने सहज वापरला. आम्हाला तो तितका सहज वाटला नाही.

ती अट रास्त आहे, हे आमच्या कपाटाकडे पाहिले तरी कळते. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आले. एका तरुणीच्या दुसऱ्या तरुणीवरील प्रेमाला मराठी नाटकाने तेव्हा उघडपणे शब्द दिले, हे मोठेच धाडस होते. पण त्यातील मित्रा अखेर आत्महत्या करते. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ सालची. भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो भाडेकरू दोघांनाही सोडून नाहीसा होतो. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ २०१२ साली आले आणि त्याने पुष्कळ वाचकांची नजर बदलली. ही सारी पुस्तके प्रौढांसाठी आहेत आणि त्यांची पंधरा वर्षांच्या मुलाशी गाठ पडलीच, तर त्याला एकट्यानेच ती सोसावी लागतात. दुसऱ्या फळीवर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आहेत. त्यांनी आम्हाला तरुणपणी दिवा लावून झोपायला शिकवले. मात्र या दोन फळ्यांची आपसांत कधी ओळख झालेली दिसत नाही.

कायद्याची गती साहित्यापेक्षा बरी म्हणावी लागेल. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क दिला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. म्हणजे प्रेम गुन्हा नाही, पण त्या प्रेमाच्या नात्याला कागदावर नाव नाही. हा मधला प्रदेश भुतांचा आहे, असे आमच्या मनात आले आणि तेथून आम्ही नातीसाठी खरोखरच कल्पना शोधू लागलो.

आपल्या भुतांची वर्गवारी मोठी मजेची आहे. माणूस कसा मेला यापेक्षा त्याचे काय राहून गेले यावर ती बेतलेली असते. मुंज झाली, पण सोडमुंज होऊन लग्न व्हायच्या आत मुलगा गेला, तर तो मुंजा. बाळंतपणात बाई गेली, तर ती हडळ. समाजाने आखलेल्या पायऱ्यांपैकी ज्या पायरीवर पाय अडला, त्या पायरीचे नाव भुताला मिळते. मुंज आणि लग्न यांच्या मधोमध अडकलेला, पिंपळावर राहणारा मुलगा हा कुमार-कादंबरीचा आयता नायक आहे. २०२४ साली आलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने तो देशभर पोहोचवला. त्यातला मुंज्या लग्नासाठी हपापलेला आहे. आम्ही नातीला सुचवले, की तुझ्या मुंजाला लग्न नकोच असू दे. दीडशे वर्षे गावातला जो तो त्याला शांत करण्यासाठी नवरी शोधतो आहे, कुणी बाहुलीशी तर कुणी तुळशीशी त्याचे लग्न लावतो आहे, आणि तो बिचारा फांदीवरून ओरडतो आहे, की मला विहिरीवर माझ्याबरोबर पोहणारा तो मुलगा कुठे गेला तेवढे सांगा!

नात खूप हसली, पण तिने एक शंका काढली आणि ती बिनतोड होती. वाचणाऱ्या मुलाने स्वतःला त्या पिंपळावर बांधलेल्या भुतात पाहावे काय? त्याला आधीच आपण सर्वांपासून निराळे, अर्धवट, अदृश्य आहोत असे वाटत असते. कादंबरीनेही त्याला भूतच केले, तर तिने नवे काय सांगितले? आम्ही कल्पना दुरुस्त केली. नायक जिवंत मुलगा असावा. मुंजा त्याचा वडीलधारा सोबती असावा, ज्याने दीडशे वर्षे गावाकडे वरून पाहिले आहे आणि असे पुष्कळ मुलगे व मुली त्याला ठाऊक आहेत. ‘तू पहिला नाहीस’ हे वाक्य पंधराव्या वर्षी कुणी तरी सांगावे लागते. घरातले सांगणार नसतील, तर पिंपळावरच्याने सांगावे.

येथे एक धोका नोंदवून ठेवला पाहिजे, कारण तो केवळ साहित्यातला नाही. मुलगा मुलीसारखा वागू लागला, मुलगी लग्नाला नकार देऊ लागली, की ‘बाहेरचे काही तरी लागले’ असे म्हणून अंगारे, धुपारे, मांत्रिक करण्याची रीत आपल्याकडे होती आणि ती पूर्ण गेलेली नाही. महाराष्ट्रात २०१३ साली, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो अशाच अघोरी उपायांना आळा घालण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून काढली. तेव्हा भुताच्या कादंबरीत एक पथ्य कडक पाळावे: नायकाचे प्रेम हे भुताने झपाटल्याचे लक्षण असता कामा नये आणि भूत उतरले म्हणून ते प्रेम उतरता कामा नये. भूत खरे असेल, प्रेमही खरे असेल. पण एक दुसऱ्याचे कारण नसावे. हे पथ्य मोडले, तर कादंबरी त्या मुलाच्या हाती पडण्याऐवजी त्याच्या मांत्रिकाच्या हाती पडेल.

उलट, भुताने आसरा द्यावा अशी परंपरा आपल्याकडे जुनी आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात शिखंडीची कथा येते. मुलगी म्हणून जन्मलेली, मुलगा म्हणून वाढवलेली शिखंडिनी लग्नानंतर बिंग फुटल्यावर प्राण देण्यासाठी अरण्यात जाते. तेथे स्थूणाकर्ण नावाचा यक्ष तिला भेटतो आणि आपले पुरुषत्व काही काळासाठी तिला देऊन तिचे स्त्रीत्व स्वतः घेतो. पुढे कुबेराचा शाप होतो आणि शिखंडी जिवंत असेपर्यंत यक्षाला स्त्रीरूपातच राहावे लागते. युद्ध, भीष्म, सूड हे सारे आपण पाठ केले. परंतु एका अनोळखी जीवासाठी देह उसना देणाऱ्या त्या यक्षाची कुणी फारशी वास्तपुस्त केली नाही. तो त्या रानात इतकी वर्षे कसा राहिला असेल? एवढ्या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहील.

शेजारच्या राजस्थानात विजयदान देथा (१९२६–२०१३) यांनी लोककथांच्या मुशीतून ‘दोहरी जूण’ ही कथा घडवली. पित्यांच्या शब्दापायी बीजां आणि तीजां या दोन मुलींचे एकमेकींशी लग्न लागते. गाव त्यांना हाकलते, आणि थारा देतो तो भुतांचा सरदार. इच्छेप्रमाणे तो एकीला पुरुषही करतो. पण पुरुषाचा देह येताच नवरेपणाची मिजासही येते, आणि ते ध्यानी येताच तो देह टाकून दोघी पुन्हा बायका म्हणून राहू लागतात. माणसे भिववणारी आणि भुते आतिथ्यशील, ही अदलाबदल देथांनी कुठलाही गाजावाजा न करता केली. त्यांच्याच ‘दुविधा’वरून मणि कौल यांनी १९७३ साली आणि आपल्या अमोल पालेकरांनी २००५ साली ‘पहेली’ या नावाने चित्रपट काढले, म्हणजे मराठी माणसाला हे दार अगदीच अनोळखी नाही.

स्थळाविषयीही आम्ही नातीला आग्रहाने सांगितले, की कादंबरी भोपाळातच घडू दे. एडन थॉमस यांच्या २०२० सालच्या ‘सिमेटरी बॉइज’ या अमेरिकन कादंबरीचे उदाहरण तिनेच आम्हाला दिले होते. लॉस एंजेलिसमधील लॅटिन कुटुंबातला एक पारलिंगी मुलगा आपण मुलगाच आहोत हे घरच्यांना पटवण्यासाठी मृतात्म्याला बोलावतो, अशी ती कथा. तिचा ताजेपणा भुतात नाही. त्या कुटुंबाच्या मृतांच्या सणात, दिव्यांत, जेवणाच्या पानांत आहे. आपल्याकडे काय कमी आहे? राखीपौर्णिमेनंतर जुन्या भोपाळातील किन्नर मंडळी भुजरियांची मिरवणूक काढतात. डोक्यावर गव्हाचे कोवळे अंकुर, पुढे ढोल, दोन्ही बाजूंना गर्दी. नवाबी काळात त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी त्यामागची आख्यायिका. ज्या शहराला चार बेगमांच्या राज्याची सवय होती, त्याच शहरात १९१३ साली जन्मलेल्या शाहजादी आबिदा सुलतान केस कापून शिकार करीत, मोटारी हाकीत आणि विमानही चालवीत. त्यांना आजचे कोणतेही नाव चिकटवण्याचा आम्हास अधिकार नाही. एवढेच म्हणायचे, की साच्यात न बसणारी मुलगी या तलावाकाठी परदेशातून आलेली नव्हती.

भोपाळात मात्र एक मर्यादा आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री जी माणसे गेली, त्यांची भुते करून वाचकाला घाबरवू नये. त्यांचे नातेवाईक अजून याच शहरात राहतात. नातीला हे सांगावे लागले नाही.

आता आम्हाला सर्वांत अधिक आवडलेल्या दोन कल्पना. पहिली वेताळाची. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त वेताळाचे प्रेत खांद्यावर वाहणारा राजा गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे, लोकांच्या तोंडी तो उज्जैनचा विक्रम झाला. पैठण ते उज्जैन हा प्रवास आपल्या पूर्वजांच्या कितीतरी आधी या गोष्टीने केला! तिच्यातला नियम सर्वांना ठाऊक आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. आणि बोलला, तर प्रेत पुन्हा झाडावर जाईल. लहानपणी आम्हाला हा निव्वळ खेळ वाटे. नातीच्या मित्राची हकीकत ऐकल्यावर तो खेळ राहिला नाही. घरात गप्प राहावे तर डोके फुटते; बोलावे तर इतक्या कष्टाने आणलेले सारे निसटते आणि पुन्हा पहिल्यापासून चालावे लागते. दर वेळी नव्या माणसापुढे, नव्या वर्गात, नव्या नोकरीत. पंचवीस वेळा बोलावे लागणाऱ्या मुलाची ही गोष्ट शेकडो वर्षांच्या परंपरेत बसून आहे, फक्त कुणी तिच्या खांद्यावरचे ओझे त्या बाजूने पाहिले नाही.

शेवटचा प्रश्न तर विलक्षणच आहे. पावलांच्या ठशांवरून फसगत होऊन बाप मुलीशी आणि मुलगा तिच्या आईशी विवाह करतो. त्यांच्या मुलांचे एकमेकांशी नाते काय? येथे राजा गप्प राहतो, कारण त्याला खरोखरच उत्तर येत नाही. आणि या गप्प राहण्यावर वेताळ रागावत नाही, प्रसन्न होतो. इतकेच नव्हे, तर राजाचा घात करू पाहणाऱ्या भिक्षूपासून त्याला वाचवतो. भीतीने गप्प राहणे वेगळे आणि नात्याला शब्दच नाही म्हणून नम्रपणे थांबणे वेगळे, हा भेद जुन्या कथाकाराला कळला होता. नातीने आपल्या कादंबरीतील आजोबांना नेमके हेच करू द्यावे. त्यांना ‘क्वियर’ शब्द येत नसेल, नातवाच्या मित्राला काय म्हणून हाक मारावी ते कळत नसेल. त्यांनी उपदेश न करता थांबावे आणि पाटावर एक पान जास्त वाढावे.

दुसरी कल्पना कावळ्याची. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवला नाही, की मृताची काही इच्छा राहिली असे आपण मानतो. मग जमलेली माणसे हात जोडून एकेक इच्छा ओळखू लागतात. धाकटीचे लग्न लावून देऊ, घर विकणार नाही, भावाशी अबोला सोडू. जगातील कोणत्याही भयकथेत याहून नाट्यपूर्ण विधी असेल असे आम्हास वाटत नाही. साऱ्या कुटुंबाने मिळून, उघड्यावर, मेलेल्या माणसाच्या मनात काय होते ते मोठ्याने बोलून पाहायचे असते. आमच्या लहानपणी नात्यातील एक काका वारले. ग्वाल्हेरहून नोकरीनिमित्त भोपाळास आलेले, अविवाहित, आणि कचेरीतील एका स्नेह्याबरोबर एकाच क्वार्टरमध्ये अनेक वर्षे राहिलेले. होशंगाबादेला, म्हणजे आजच्या नर्मदापुरम् येथे, सेठानी घाटावर त्यांचे दहावे झाले. कावळा येईना. पुतण्यांनी जमीन, दागिने, गावचे देऊळ, सगळ्यांची वचने दिली. ऊन चढले. ते स्नेही चार पायऱ्या वर टोपी हातात घेऊन उभे होते. ‘तुमच्या मित्राकडे आम्ही पाहू’ हे वाक्य कुणाला सुचले नाही, आणि त्यांना ‘तुम्ही पुढे या’ असेही कुणी म्हणाले नाही. अखेर भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी जेवायला निघाली. त्या दोघांचे नाते काय होते, हे आम्हास माहीत नाही आणि आता त्याला नाव देऊही नये. पण तो स्नेही पुढे त्या क्वार्टरमधून आठवड्याच्या आत निघून गेला, एवढे घरी बोलले गेल्याचे स्मरते.

कादंबरी येथून सुरू व्हावी, असे आम्ही नातीला सांगितले. कावळा शिवत नाही. मोठ्यांची वचने संपली आहेत. आणि गर्दीतला पंधरा वर्षांचा मुलगा, ज्याला स्वतःचे गुपित असल्यामुळे दुसऱ्याचे ओळखता येते, तो ते एक वाक्य बोलतो. कावळा येतो. आता सर्वांना दोन गोष्टी कळल्या आहेत: मेलेल्याची एक आणि जिवंत मुलाची एक. पुढची दोनशे पाने त्या वचनाची. ते पाळायचे कुणी? त्या वृद्ध मित्राला शोधून आणायचे कुणी? पितृपक्षात त्या काकांचे पान कोण वाढणार? आपले हिंदीभाषक शेजारी पितृपक्षातील पंचमीस ‘कुँवारा पंचमी’ म्हणतात, त्या दिवशी अविवाहित मृतांचे श्राद्ध करतात. जो खरा अविवाहित नव्हताच, त्याचे श्राद्ध कोणत्या तिथीला? या कथेत मरण आधीच झालेले आहे, म्हणून नातीची अटही मोडत नाही. शेवटी सर्व जण जिवंत राहतात, आणि काका सुटतात.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला एक गोष्ट उमगली. भयकथेतले नावीन्य नव्या भुतात नसते. भुताला काय हवे आहे, हा प्रश्न आपण पूर्वी कुठे विचारायचे टाळले, ते शोधण्यात असते. आपल्या मुंजांना लग्नच हवे आणि हडळींना मूलच हवे, असे आपण गृहीत धरले. कारण जिवंत मुलांनाही तेच हवे, असे आपण गृहीत धरून बसलो होतो.

वाचकहो, आपल्या बहुतेकांच्या घरी असा एखादा ‘एकटा राहिलेला’ काका, लग्न न केलेली मास्तरीण आत्या आणि तिची जन्माची मैत्रीण, फोटोच्या कडेला उभी असलेली कुणी एक व्यक्ती असेल. तिच्यावर निवाडा देण्याची गरज नाही. आठवते तेवढे, नावगाव न सांगता, घरातल्या मुलांना सांगावे. आपली नातवंडे मराठी वाचत नाहीत, ही तक्रार या पानांवर अनेकदा झाली आहे आणि ती खरीही आहे. परंतु त्यांना ज्या गोष्टीची गरज आहे, ती आपण मराठीत सांगितलीच नाही, तर ती दुसऱ्या भाषेतून घेणारच. नातीने पहिले प्रकरण लिहायला घेतले आहे. संवाद भोपाळी वळणाचे आहेत, त्यात हिंदी पुष्कळ आहे, ऱ्हस्वदीर्घाचा आनंद आहे. पण निवेदन मराठीत आहे. कारण विचारता ती म्हणाली, की मुंजाला इंग्रजीत हाक कशी मारायची?